वडगावात राहून शांत लॅपटॉप

जुना लॅपटॉप बदलायला निमित्त झालं ते विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचे नेहमीचे अपडेट थांबवले, आणि माझ्या मशीनमधला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, ती घेऊन दिवस ढकलता आले असते. पण त्या लॅपटॉपचा मला आधीपासूनच वीट आला होता, तो त्याच्या फॅनपायी.

माझं काम दोन पाळ्यांत चालतं. दिवसा डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणं. लग्नसराईत पत्रिका, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. ऑगस्ट-सप्टेंबरात सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. अधूनमधून पंचायतीत नाहीतर तहसीलला द्यायचे कन्नड अर्ज. रात्री वाचन. इथल्या, म्हणजे बेळगावच्या मराठी शाळांत बालभारतीची पुस्तकं नसतात, कर्नाटक सरकारनं मराठीत काढलेली असतात. धडे वेगळे, इतिहास-भूगोलाची मांडणीही वेगळी. दृष्टी नसलेल्या काही मुलांसाठी ती मी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करते. पैसे नाहीत त्यात, पण मुलं ऐकतात आणि चुकाही काढतात. एकीनं मला विचारलं होतं, "मावशी, तुम्ही वाचताना मागं गिरणी असते काय?"

गिरणी नव्हती. लॅपटॉप होता.

आता बेळगावातलं आमचं वडगाव म्हणजे विणकरांचं. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट, शेजारच्या भिंतीला हात लावला तर हाताला कळतो. त्यामुळे दुकानात जाऊन "आवाज न करणारा लॅपटॉप दाखवा" म्हटल्यावर दुकानदार हसला, यात त्याची चूक नाही. "अक्का, वडगावात राहता आणि लॅपटॉपच्या आवाजाचं विचारता?" पण माग रात्री बंद होतात. मी त्यानंतरच बसते, आणि तेव्हा खोलीत उरतं ते मी, माइक आणि लॅपटॉपची घरघर.

मोबाइलवर का रेकॉर्ड करत नाहीस, हे मला प्रत्येकानं विचारलं, म्हणून तेही सांगून टाकते. केलं. मोबाइलला फॅन नसतो, आवाज स्वच्छ येतो. पण लांबलचक धडा वाचताना मध्ये अडखळलं की मागे जाऊन तेवढंच वाक्य पुन्हा बोलायचं आणि नेमकं तिथं बसवायचं, हे काम लॅपटॉपवर चटकन होतं, मोबाइलवर जीव जातो. शिवाय पुस्तकाची पीडीएफ मोठ्या पडद्यावर समोर लागते.

नवा घेण्याआधी जुनाच उघडून साफ करून घेतला. वडगावात हे करायलाच हवं. हवेत धाग्याचं तूस असतं, ते फॅनमधून आत जातं आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्यांत अडकून बसतं. दुरुस्तीवाल्यानं फॅन काढून दाखवला तेव्हा पात्यांवर करड्या रंगाचा चक्क नमदा जमला होता. तो काढला, चिपची उष्णता पुढं नेणारी, वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलली, आणि लॅपटॉप निम्म्यानं तरी गप्प झाला. त्यानं त्यासाठी घेतलेले पैसे नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढं काहीच नव्हते. ज्यांचा लॅपटॉप चार-पाच वर्षांचा आहे आणि अलीकडेच बोंबलायला लागलाय, त्यांनी दुकानात जाण्याआधी एवढं करून बघावं. माझ्या मशीनमध्ये मात्र फिरती हार्ड डिस्कही होती, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. तिची बारीक किरकिर फॅन थांबल्यावर जास्तच कानात जायची.

नेमका कसला आवाज नकोय, हे मला तेव्हाच समजलं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजसफाईची सोय आहे: आधी दोन-चार सेकंद काही न बोलता खोलीतला आवाज नमुना म्हणून द्यायचा, मग तो सगळ्या रेकॉर्डिंगमधून वजा होतो. आवाज एकसारखा असेल तर हे झकास चालतं. पंख्याची एका लयीतली घूं-घूं जवळजवळ पुसली जाते. पण लॅपटॉपचा फॅन एका लयीत कुठं असतो? मी नमुना घेईपर्यंत तो मुकाट. "पाठ सातवा" म्हटलं की मागं अँटिव्हायरसला जाग येणार, फॅन चढणार, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत उतरणार, पुन्हा चढणार. असला चढउतार काढायला गेलं की माझाच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. ऑडिओबुकांच्या धंद्यात पार्श्वभूमीचा आवाज साधारण उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात (रेकॉर्डिंगमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आवाज शून्य धरून). मी धंदा करत नाही, पण आकडा समोर ठेवायला बरा. फॅन बंद असताना माझी खोली तिथं सहज पोचत होती, फॅन चढला की नाही.

म्हणजे मला हवा होता असा लॅपटॉप, जो रेकॉर्डिंग आणि पीडीएफ एवढ्या हलक्या कामात फॅन लावणारच नाही, किंवा लावला तर एकाच मंद गतीनं फिरवेल. दिवसा पत्रिकांची चित्रं करायच्या कोरलड्रॉमध्ये तो कितीही ओरडला तरी हरकत नाही. दिवसा कोणाला ऐकू जाणार?

मुलगी अभियांत्रिकीला आहे. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "आई, शेवटी एच असलेला घेऊ नकोस." इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटचं अक्षर किती वॅटचा धनी आहे ते साधारण सांगतं. यू म्हणजे १५ वॅटच्या आसपास, एच म्हणजे ४५. वीज जेवढी खाल्ली तेवढी सगळी उष्णता होते, आणि ती बाहेर काढायला फॅन. हिशोब सरळ वाटतो. पण दुकानातल्या चिठ्ठ्या वाचत फिरायला लागले तेव्हा यात खोच आहे हे दिसलं. तो १५ वॅटचा आकडा पायाभूत असतो. त्याच्या वर अजून एक आकडा असतो, टर्बोचा, म्हणजे प्रोसेसर थोडा वेळ जास्त वेगानं पळतो तेव्हाचा. आय५-१३३४यू घ्या: पाया १५ वॅट, टर्बोत ५५ पर्यंत. त्याच भावात मिळणारा आय५-१३४२०एच: पाया ४५, टर्बोत ९५. म्हणजे "यू घेतला, आता शांत" असं होत नाही. यू सुद्धा थोडा वेळ ५५ वॅट ओढू शकतो, आणि किती वेळ ओढू द्यायचं हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एकीनं तो लगाम आखडता धरलेला असतो, दुसरीनं सैल सोडलेला. प्रोसेसर तोच, अक्षर तेच, आणि आवाज वेगळा.

टर्बो एवढी वीज का खातो याचं कारण मला आवडलं म्हणून इथं लिहिते. चिपचा वेग वाढवायचा तर तिला व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं, आणि विजेचा खर्च वेगाच्या पटीत तर वाढतोच, वर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी वीज भरमसाट जाते. भरलेला ट्रक चोर्ला घाटात ओव्हरटेक करायला गेला तर डिझेल कसं जाईल, तसं. फॅनचंही असंच वाकडं गणित आहे. त्याची गती दुप्पट झाली की आवाज साधारण १५ डेसिबलनं वाढतो. दोन्ही एकत्र ठेवून बघा: चिपचा वेग थोडासा कमी केला की उष्णता बरीच कमी, आणि फॅन थोडा मंदावला की आवाज बराच कमी. शांतता अशी स्वस्तात मिळते. पुढं मी ते करूनही बघितलं.

एएमडीचं प्रकरण वेगळंच. रायझनच्या ७००० मालिकेत पहिला आकडा सालाचा असतो, चिपची खरी पिढी तिसऱ्या आकड्यात लपलेली. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात फरक एका आकड्याचा. पहिल्यात चार कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग) आणि २०१९ च्या झेन २ ची रचना, दुसऱ्यात सहा कोअर आणि झेन ३. दुकानातल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "दोन्ही सेमच आहेत मॅडम, सात हजारवाले." सेम नाहीत. दोन्ही १५ वॅटचेच, पण एकाच कामाला जुनी रचना जास्त वेळ राबते, आणि जास्त वेळ राबणं म्हणजे फॅन जास्त वेळ. ७५३०यू मला मनापासून पटला होता. माझं बजेट पन्नास-पंचावन्न हजारांत अडलं असतं तर मी तोच घेऊन घरी आले असते.

ऐकून बघण्याचं मात्र अवघड. बाजारातल्या दुकानात बाहेर रिक्षा, आत टीव्ही, वर पंखा. तिथं ३०-३५ डेसिबलचा फॅन ऐकू यायचा नाही, सगळेच लॅपटॉप गुणी वाटतात. एका दुकानदाराचं डोकं मी इतकं खाल्लं की त्यानं शेवटी वरच्या माळ्यावर, खोक्यांच्या मध्ये बसू दिलं. "सप्पळ बरंगिल्ल री, केळ्री," म्हणजे आवाज येत नाही, ऐका, असं म्हणाला आणि खाली गेला. त्याला वाटलं मिनिटभरात येईन. पण पहिल्या मिनिटात सगळं कळत नाही. सुरुवातीला धातूची पट्टी आणि तांब्याची नळी गार असतात, उष्णता पोटात घेतात. खरा स्वभाव पंधरा-वीस मिनिटांनी दिसतो. मुलीनं ब्राउझरमधूनच प्रोसेसरला राबवणारी एक चाचणी लावून दिली होती, ती चालू ठेवून मी दुसऱ्या लॅपटॉपकडं वळायची. मोबाइलवर डेसिबल मोजणारं अॅपही होतं. त्याचे आकडे खरे धरू नयेत, फोनचा माइक त्यासाठी बनवलेला नसतो. पण एकाच जागी, एकाच अंतरावर ठेवून दोन लॅपटॉपांत कोणता वरचढ हे कळतं.

त्या माळ्यावरच एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवून ऐकले. एक सडपातळ, दिसायला देखणा. दुसरा जरा जाड, प्लास्टिकचा. देखणा चाळीस सेकंदांत शीळ घालायला लागला, आणि शीळही बारीक, उंच पट्टीची. जाडजूडचा फॅन मोठा होता, सावकाश फिरत होता, आवाज होता पण खाली बसलेला, खर्जातला. फॅन लहान असेल तर तेवढीच हवा ढकलायला त्याला जास्त पळावं लागतं. लॅपटॉप जितका बारीक तितका तो गरम पडल्यावर किंचाळतो, याला मला तरी अपवाद सापडला नाही.

अपवाद एकच, फॅनच नसलेला.

टिळकवाडीतल्या मैत्रिणीकडं एम-वन चिपचा मॅकबुक एअर आहे, नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला. तो मी रात्रीपुरता मागून आणला. एअरमध्ये एम-वनपासून आजतागायत फॅन नाही. रेकॉर्डिंग लावलं, गप्प बसून नमुना घेतला, आणि त्यात ऐकू आलं ते आमच्या फ्रिजचं. गल्लीतलं कुत्रं. मागच्या घरातल्या आजोबांचा खोकला. लॅपटॉपचं काही नाही. माझ्यासारखं वाचनाचं काम ज्याला आहे आणि डीटीपीचं लचांड मागं नाही, त्यानं यापुढचं वाचत बसू नये. एअर घ्यावा, जुना मिळाला तरी घ्यावा. एम-फोरचा नवा एअर मार्च २०२५ मध्ये ९९,९०० रुपयांपासून आला, त्यात १६ जीबी मेमरी पहिल्यापासून आहे. फॅन नसल्याचा तोटा इतकाच की जड काम बराच वेळ चाललं तर चिप गरम होऊन स्वतःच वेग उतरवते. धडे वाचताना ती वेळ येत नाही.

पण माझ्या मागं लचांड आहे. पानं जुळवायचा पेजमेकर ७, २००१ सालचा. हसू नका, इकडं अर्धे छापखाने अजून त्याच्यावर आहेत आणि सोसायट्यांचे मागच्या वर्षीचे अहवाल त्याच्याच फाइलींत. कन्नड टाइप करायला कन्नड गणक परिषदेचं नुडी हे सॉफ्टवेअर, कारण सरकारी कचेरीतून येणारी फाइल नुडीच्या फॉन्टमध्ये असते. आणि मराठी अक्षरजुळणीचं एक जुनं सॉफ्टवेअर, ज्याला यूएसबीचं लॉक लागतं. ते बोटभर लॉक खोचलं नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही. हे सगळं विंडोजचं, आणि विंडोजमध्येही इंटेल-एएमडीच्या भाषेतलं. मॅकमध्ये विंडोज चालवता येतं, पण ते एआरएमवरचं विंडोज. तिथं येऊन गाडं अडतं.

कारण हे सगळं शेवटी प्रोसेसरच्या बोलीवर येतं. इंटेल आणि एएमडी १९७८ च्या ८०८६ चिपपासून चालत आलेल्या एक्स८६ घराण्यातले. ॲपलच्या एम-चिपा, क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन, आजचे जवळजवळ सगळे मोबाइल, हे एआरएम घराण्यातले. एआरएमची पहिली चिप १९८५ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत तयार झाली. ती तपासायला घेतली तेव्हा मीटरवर प्रवाह शून्य. बघतात तर वीजपुरवठा जोडलेलाच नाही, आणि चिप आजूबाजूच्या जोडण्यांतून झिरपणाऱ्या विजेवरच चाललेली! कमी खाण्याचं हे वळण त्या घराण्याला जन्मापासूनचं आहे.

म्हणून जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्सचे विंडोज लॅपटॉप बाजारात आले तेव्हा मला आशा होती. भावात बसत होते, बॅटरी दिवसभर पुरते म्हणतात. दुकानात लॉक बरोबरच घेऊन गेले, खोचलं. विंडोजनं ओळखलं नाही. मुलीनं समजावलं: एक्स८६ साठी लिहिलेला प्रोग्रॅम एआरएमच्या विंडोजमध्ये भाषांतर करत करत चालतो, आणि तो बऱ्यापैकी चालतो, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू विंडोजला चालवू देणारा प्रोग्रॅम, असा चालत नाही, तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. आमच्या लॉकवाल्यांनी तो लिहिलेला नाही. ज्यांच्याकडं जुना प्रिंटर, जुना स्कॅनर, जुनं ऑडिओ कार्ड आहे त्यांनीही घेण्याआधी हे तपासावं. आणखी एक गोष्ट लोक गृहीत धरतात, एआरएम म्हणजे फॅन नाही. तसं नाही. दुकानात बघितलेल्या त्या स्नॅपड्रॅगनवाल्यांना फॅन होता, आणि चाचणी लावल्यावर तो व्यवस्थित वाजत होता. फॅन ठेवायचा की नाही हा लॅपटॉप बनवणाऱ्याचा निर्णय असतो, चिपचा नव्हे.

एक्स८६ मध्येही फॅन नसलेले निघतात. इंटेलची एन१०० चिप ६ वॅटची, चार लहान कोअरची, आणि काही कंपन्या ती फॅनशिवाय बसवतात. किमतीला स्वस्त. कोल्हापूरला बहिणीकडं गेले होते तेव्हा तिथल्या दुकानात असा एक सापडला. लॉक लागलं, मराठी उघडलं, मला आनंद झाला. मग पेनड्राइव्हवरची एक पत्रिका कोरलमध्ये उघडली, मोठा गणपती, सोनेरी सावल्या, कडेनं वेलबुट्टी. गणपती सोंडेपासून हळूहळू उमटत गेला. ८ जीबी मेमरी, तीही वाढवता न येणारी. वाचनासाठी एन१०० आणि डीटीपीसाठी जुना लॅपटॉप, इंटरनेट तोडून, असं दोन्ही ठेवावं का, यावर घरात चर्चा झाली. ह्यांनी टेबलाकडं बघितलं, टेबलावर आधीच प्रिंटर, कटर आणि पत्रिकांचे नमुने. विषय संपला.

कोल्हापूरला गेलेच होते तर भावाचंही सांगते. इकडं सीमेवर आपल्याला सवयच असते, काही घ्यायचं म्हटलं की निपाणीपलीकडं स्वस्त मिळेल का, गोव्यात मिळेल का. लॅपटॉपला सगळीकडं १८ टक्केच जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ च्या बदलात एसी आणि मोठे टीव्ही-मॉनिटर २८ वरून १८ वर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होता. तरीही दोन ठिकाणी मला "जीएसटी उतरलाय, म्हणून हा भाव" असं ऐकवलं गेलं. शेवटी बेळगावातच घेतला, दुरुस्तीला उद्या परत न्यायचा म्हटलं तर जवळ बरा.

घेतला तो कोअर अल्ट्रा ५ २२६व्ही वाला. शेवटचं व्ही हे अक्षर मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं, दुकानांतही त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. इंटेलनं सप्टेंबर २०२४ मध्ये ही मालिका काढली. पाया १७ वॅट, आणि टर्बोतही ३७ च्या पुढं नाही. यूच्या ५५ शी ताडून बघा. आठ कोअर, चार मोठे, चार लहान, आणि हलकं काम लहानांवरच भागवायची व्यवस्था. मेमरी चिपच्याच शेजारी, त्याच पाटावर बसवलेली, त्यामुळे मेमरीशी देवाणघेवाण करायला वीज कमी लागते. याचीच दुसरी बाजू, ती मेमरी पुढं कधीही वाढवता येत नाही. २२६ म्हणजे १६ जीबी, हवी असेल तर आधीच ३२ वाली २२८ घ्यायची. मला १६ पुरते. आणि हे एक्स८६ आहे, म्हणजे माझं लॉक, पेजमेकर, नुडी सगळं जागच्या जागी. किंमत मात्र ऐंशी हजारांच्या घरात गेली, ठरवल्यापेक्षा बरीच जास्त. ७५३०यू च्या लॅपटॉपपेक्षा जास्त मोजलेले पैसे केवळ शांततेचे आहेत हे मला मान्य आहे. वेगाच्या हिशोबानं कोणी हा सौदा तोलला तर मला येडी म्हणेल.

लॉकनं थोडा दंगा केलाच. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा असते, तिनं जुना ड्रायव्हर अडवला. सॉफ्टवेअरवाल्यांकडं एक्स८६ साठी नवा ड्रायव्हर होता, तो घातल्यावर लागलं. सुरक्षा बंद करून जुनाच चालव असंही एकानं सुचवलं होतं. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथं हे करू नये.

आता रात्रीची मांडणी. चार्जर काढून ठेवते. बॅटरीवर प्रोसेसर जपून चालतो, आणि चार्जर लावलेला असताना या मशीनमधून कान लावला तर एक बारीक चीं येते, तीही जाते. ती चीं फॅनची नसते, विजेच्या वेटोळ्याची असते, आणि विकत घेताना ती कळत नाही, एकाच मॉडेलच्या दोन नगांत कमीजास्त निघते. मग कंपनीनं दिलेला शांत मोड लावते. बहुतेक लॅपटॉपना असा मोड असतो, लेनोव्होत एफएन आणि क्यू, असूसमध्ये एफएन आणि एफ. विंडोजचे अपडेट थांबवते, क्लाउडवर फाइली चढवणं थांबवते. ज्यांना नवा लॅपटॉप घ्यायचाच नाही त्यांच्यासाठी यापेक्षा उपयोगी गोष्ट म्हणजे पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करणं. एका टक्क्यानं काय होणार असं वाटतं, पण त्यानं टर्बोच बंद होतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर हे केलं आणि वाचनाच्या वेळी फॅन वर चढायचा थांबला. काही नव्या मशीनांत ही सोय लपवलेली असते. आणि माइक लॅपटॉपपासून लांब. अंतर दुप्पट केलं की लॅपटॉपचा आवाज माइकपाशी सहा डेसिबलनं उतरतो, लांब वायरीला काही फार पैसे पडत नाहीत.

एवढं करून फॅन वाचनात लागत नाही. दिवसा कोरलमध्ये मोठी पत्रिका निर्यात करताना लागतो, आणि लागलेला मला ऐकू येत नाही, शेजारी माग चालू असतात. अथणीला आमच्या नात्यातल्या एकानं माझं ऐकून हाच घेतला. तिकडचा उन्हाळा आमच्यापेक्षा बराच कडक, त्याचा फॅन एप्रिलात माझ्यापेक्षा लवकर लागायचा. खोलीच तापलेली असेल तर उष्णता टाकणार कुठं. तूस मात्र याच्याही जाळीत अडकतं, मऊ ब्रशनं काढत राहावं लागतं. रेकॉर्डिंगमध्ये आता फ्रिज ऐकू येतो, त्याचं काय करायचं ते बघायलेय.

निपाणीचा भाचा लग्नाचे व्हिडिओ करतो, चिकोडी-संकेश्वरपर्यंत त्याच्या ऑर्डरी असतात. त्यानं फोन केला, "आत्या, तू एवढं बघून घेतलायस म्हणजे चांगलाच असणार, मी पण तोच घेतो." त्याला मी ठामपणे नको म्हटलं. तासन्‌तास रेंडर, म्हणजे व्हिडिओची शेवटची फाइल तयार करणं, चालवणाऱ्याला ३७ वॅटची मर्यादा काय कामाची? त्यानं एचच घ्यावा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, जाड, फॅन दोन, आणि वजनाची कुरकुर करू नये. त्यानं तसा घेतला. खूश आहे. त्याचा रेंडर चालू असताना फोन आला की मी आधी सांगते, बाबा, खोलीतून बाहेर ये आणि मग बोल.